माप कोणाच्या अंगाचे? : दैनंदिन रचना, लिंगभाव आणि मराठी समीक्षा

१

दोन वर्षांपूर्वी एका मराठी विभागाने भरवलेल्या चर्चासत्रात निबंध वाचण्याचा प्रसंग आला. सभागृहातला पोडियम सागवानी, भरभक्कम आणि माझ्या हनुवटीपर्यंत येणारा होता. माझी उंची पाच फूट आहे. मी वाचायला सुरुवात केली तेव्हा मागच्या रांगेतून ‘वक्त्या दिसत नाहीत’ असा आवाज आला. संयोजकांपैकी एकाने तत्परतेने कोठून तरी एक पाट आणला आणि माझ्या पायाखाली सरकवला. सभागृह हसले. मीही हसले, अशा वेळी बाईने हसायचे असते. पाट एका बाजूने डुगडुगत होता. त्यामुळे एका हाताने पोडियमची कड धरून आणि दुसऱ्या हाताने कागद उलटून मी निबंध संपवला.

माझ्यानंतर बोलायला उठलेल्या ज्येष्ठ समीक्षकांनी तो पाट पायाने बाजूला सारला आणि मराठीतील स्त्रियांच्या लेखनाविषयी एक जुनेच विधान नव्याने केले. स्त्रियांच्या लेखनात अनुभवाची सचोटी असते, पण त्यांचे अनुभवविश्व मर्यादित असते. ते स्वयंपाकघर, माजघर आणि नातीगोती यांच्या तपशिलात अडकते आणि ‘माणसाच्या’ मूलभूत प्रश्नांपर्यंत पोहोचत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते.

या दोन घटना योगायोगाने एकापाठोपाठ घडल्या असे मला वाटत नाही. पोडियम करणाऱ्या सुताराच्या आणि ते विधान करणाऱ्या समीक्षकाच्या मनात एकच माणूस उभा आहे. सुताराला निदान ठाऊक असते, की आपण कोणाचे तरी माप घेतले आहे. समीक्षकाला तेही ठाऊक नसते. रोजच्या वापरातल्या वस्तू आणि जागा यांच्या घडणीत लिंगभाव कसा मुरलेला असतो, हा प्रश्न आपण समाजशास्त्राकडे ढकलून मोकळे होतो. तो साहित्यसमीक्षेचाही प्रश्न आहे, आणि तो टाळल्यामुळे आपले वाचन अपुरे राहते, एवढेच मला येथे मांडायचे आहे.

२

प्रथम भाषेकडेच पाहावे. विहिरीची खोली ‘परसां’त सांगण्याची रीत खेड्यापाड्यांतून जुन्या पिढीच्या बोलण्यात आजही आढळते. पाच परस विहीर, सात परस पाणी. परस म्हणजे पुरुष: उभ्या पुरुषाची उंची हे खोलीचे एकक. ती खोली रोज दोराच्या लांबीने, पोहऱ्याच्या वजनाने आणि तळहातावरच्या घट्ट्यांनी प्रत्यक्षात मोजत आल्या त्या मुख्यतः बायका. माप एका देहाचे आणि श्रम दुसऱ्या देहाचे, अशी ही वाटणी आहे.

तिचे मूळ पुष्कळ मागे जाते. शुल्बसूत्रांत वेदीची आखणी ज्या एककाने होते त्याचे नाव ‘पुरुष’ असेच आहे: हात वर करून उभ्या राहिलेल्या यजमानाची उंची. अग्निचयनाच्या वेदीचे क्षेत्रफळ साडेसात चौरस पुरुष असावे असे विधान आहे. यज्ञाला पत्नी लागते. मापाला ती लागत नाही.

हा प्रकार आपल्या परंपरेपुरताच मर्यादित आहे असे मानून कोणी सुखावू नये. आधुनिक वास्तुकलेचा अध्वर्यू ल कॉर्बूझिए याने १९५० साली ‘मोड्युलॉर’ या नावाने प्रमाणांची एक पद्धत ग्रंथरूपाने मांडली. घर, खिडकी, आसन आणि पायरी या साऱ्यांची मापे मानवी देहावरून काढावीत, ही त्यामागची कल्पना खरोखर उदात्त होती. तो मानवी देह म्हणजे एक हात वर करून उभा राहिलेला पुरुष होय. त्याची उंची १८३ सेंटिमीटर आणि उंचावलेल्या हातासह २२६ सेंटिमीटर. प्रारंभी कॉर्बूझिएने १७५ सेंटिमीटर उंची धरली होती. ती सहा फुटांपर्यंत का वाढवली, याचे जे कारण त्यानेच त्या ग्रंथात नोंदवले आहे ते साहित्याच्या अभ्यासकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे. इंग्रजी रहस्यकथांतला देखणा पुरुष, उदाहरणार्थ पोलीस शिपाई, नेहमी सहा फूट उंच असतो, असे एका सहकाऱ्याने सुचवले आणि आकडे जुळले. याच मापांचा वापर कॉर्बूझिएने पुढे १९५१ पासून चंडीगढच्या शासकीय इमारतींच्या आखणीत केला.

शुल्बसूत्रांतला यजमान आणि मोड्युलॉरचा पुरुष या दोघांनीही हात वर केलेला आहे. या साम्यावरून प्रभावाचा सिद्धांत मांडण्याचे कारण नाही. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते निराळेच. ज्या मापाला विसाव्या शतकाने गणिताचे आणि निसर्गाचे अधिष्ठान दिले, त्याचा निर्णायक आकडा एका लोकप्रिय वाङ्मयप्रकारातल्या नायकाच्या प्रतिमेवरून आला. कथेने पुरुष घडवला, त्या पुरुषाने घर घडवले आणि त्या घराने पुन्हा माणसे घडवली. वस्तूंची रचना हा साहित्याबाहेरचा प्रांत आहे असे म्हणणाऱ्यांनी या साखळीचे काय करायचे ते सांगावे.

इतर उदाहरणे थोडक्यात सांगता येतील. वास्तुविशारदांच्या टेबलावर पिढ्यान्‌पिढ्या असणारा एर्न्स्ट नॉयफर्टचा मापांचा कोश १९३६ साली जर्मनीत निघाला. भारतीय देहांची मापे रचनाकारांसाठी एकत्र करणारा देबकुमार चक्रवर्ती यांचा ग्रंथ अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने प्रसिद्ध केला तो १९९७ साली. मोटारींच्या अपघात-चाचण्यांत दीर्घकाळ प्रमाण मानला गेलेला पुतळा मध्यम उंचीच्या पुरुषाचा आहे. स्त्रीचा म्हणून जो पुतळा पुढे वापरात आला, तो बराच काळ त्याच पुरुषाची लहान केलेली प्रतिकृती होता.

माझ्या घरातला ओटा मी टेपने मोजला. तो ३५ इंच आहे. त्यावर शेगडीचे पाच इंच आणि शेगडीवर पातेल्याचे आठ इंच धरले, तर पातेल्याची कड ४८ इंचांवर येते. भारतीय प्रौढ स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर, म्हणजे पाच फुटांच्या आसपास आहे. तिचा खांदा साधारण याच रेषेत येतो. पिठले घोटायचे तर कोपर खांद्याएवढा उचलावा लागतो, आणि तो दिवसातून दोन वेळा, चाळीस वर्षे. माझी आई ओट्यापाशी पाट ठेवून त्यावर उभी राहत असे. लहानपणी मला ती तिची खास लकब वाटायची.

३

‘हे सारे खरे असेल, पण याचा वाङ्मयीन मूल्यांशी संबंध काय?’ असा प्रश्न येथे येईल. त्याचे उत्तर देण्यासाठी मी जात्याचे उदाहरण घेते. कारण त्या एका वस्तूच्या बाबतीत मराठी समीक्षेने हा संबंध केव्हाच मान्य केलेला आहे.

ओवीची लय जात्याच्या फेऱ्याशी बांधलेली आहे, हे आपण वर्गात शिकवतो. दगडाचे वजन, खुंट्याची उंची, समोरासमोर बसलेल्या दोघींच्या हातांची देवाणघेवाण, वैरण घालण्यासाठी पडणारा खंड: या सगळ्यांतून ओवीचे चरण आकाराला येतात. म्हणजे वस्तूची घडण आणि काव्याची घडण यांचा अन्योन्य संबंध आपण नाकारत नाही, उलट त्याचे कौतुक करतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांच्या पुढाकाराने गावोगाव फिरून लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या, ही आपल्या वाङ्मयीन संस्कृतीतली फार मोठी घटना होय.

परंतु हे कौतुक कोठे थांबते ते पाहावे. पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले आणि ओवी क्षीण झाली, या घटनेविषयी मराठी समीक्षेत जो सूर आढळतो तो बहुधा शोकाचा असतो. लोकपरंपरेचा झरा आटला, मौखिकतेचे वैभव ओसरले, असे म्हटले जाते. पहाटे तीनला उठून शेर-दोन शेर दळण दळणाऱ्या बाईला गिरणी आल्यावर काय वाटले असेल, हा प्रश्न त्या शोकात क्वचितच ऐकू येतो. समीक्षकाला ओवी गेल्याचे दुःख होते आणि बाईला जाते सुटल्याचे सुख. दोन्ही भावना खऱ्या असू शकतात. मात्र त्यांतली एकच ‘वाङ्मयीन’ आणि दुसरी ‘समाजशास्त्रीय’ ठरते, ती कोणत्या निकषाने? जात्याचे वजन लयीत रूपांतरित झाले की ते समीक्षेचा विषय होते आणि खांद्यात राहिले की होत नाही, एवढाच त्याचा अर्थ उरतो. आणि जाते नाहीसे होऊन ओटा आला, की ही सशर्त मान्यताही संपते. ओट्याला लय नाही असे आपण गृहीत धरतो, कारण त्याच्यापाशी उभ्या असलेल्या बाईचे आपण काही ऐकलेलेच नसते.

४

‘तपशिलात अडकणे’ या दोषारोपाकडे आता वळता येईल.

१९६३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कोसला’त वसतिगृह आहे, मेस आहे, चहाची हॉटेले आहेत, खोल्या आणि खोल्यांतले सोबती आहेत. दैनंदिनाचा हा ढीग त्या कादंबरीचे सामर्थ्य आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. आपल्या समीक्षेने त्या तपशिलातून निरर्थकतेची जाणीव वाचली, अस्तित्ववादाची चर्चा केली, आणि ते योग्यच झाले. मात्र मेसच्या जेवणाचा कंटाळा तत्त्वज्ञानाच्या पातळीवर पोहोचत असेल, तर तेच जेवण रोज करणाऱ्या बाईचा कंटाळा ‘कौटुंबिक’ या शब्दापाशी का थांबावा? तपशील दोन्हीकडे आहे. एकीकडे त्याच्या पलीकडे पाहण्याची समीक्षकाची तयारी आहे, दुसरीकडे ती नाही. मर्यादित आहे ते अनुभवविश्व नव्हे. वाचनाची पोच मर्यादित आहे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे उदाहरण याहून बोलके आहे. १९३४ पासून भागांनी प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्राची थोरवी कोणी नाकारत नाही. पण त्या थोरवीसाठी आपण वापरतो ते शब्द पाहा: प्रांजळपणा, सहजता, नर्म विनोद, निरागसता. ही सारी विशेषणे स्वभावाची आहेत, दृष्टीची नाहीत. लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे वेड होते. बाहेरून घरात येणारी वस्तू न् वस्तू धुतली गेली पाहिजे, हा त्यांचा दंडक होता. त्या दंडकाने घराची सारी व्यवस्था ठरत होती. काय कोठे ठेवायचे, कोणी कशाला शिवायचे, पाणी किती भरायचे आणि ते कोणाच्या हातांनी, हे सारे त्याने ठरवले. लक्ष्मीबाई त्याची हकीकत हसत सांगतात. आपणही हसतो आणि पुढे जातो. परंतु एका पुरुषाच्या भयातून घरातल्या साऱ्या बायकांच्या हालचालींचा नकाशा कसा तयार होतो, याचे इतके नेमके चित्रण मराठीत दुसरे कोठे आहे? ते रचनेचे विश्लेषण आहे. केवळ सैद्धांतिक परिभाषेत लिहिलेले नाही, म्हणून आपण त्याला निरागसता म्हणतो.

कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० साली आली आणि तिच्या लाखाच्या वर प्रती खपल्या. ‘अंदाजाने’ आणि ‘चवीपुरते’ यांवर चालणाऱ्या ज्ञानाला वाटी आणि चमचा यांचे कोणत्याही घरात उपलब्ध असणारे माप त्या पुस्तकाने दिले. एका स्त्रीने मराठी घरांसाठी प्रमाण निश्चित केले, ही लहान गोष्ट नाही. मराठी गद्याच्या इतिहासात या गद्याचा विचार कधी झाला? पाककृतीचे पुस्तक वाङ्मय नव्हे, हे उत्तर मला मान्य होण्यासारखे आहे. पण मग महानुभावांच्या आचारधर्मापासून शिवोत्तरकालीन आज्ञापत्रापर्यंतचे व्यवहारगद्य आपण वाङ्मयेतिहासात का शिकवतो, तेही सांगितले पाहिजे.

५

या मांडणीवर एक गंभीर आक्षेप येईल आणि तो टाळता येणार नाही. कलाकृतीचा आस्वाद हितसंबंधांपासून मुक्त असतो, सौंदर्यविधान सर्वांच्या मान्यतेची अपेक्षा बाळगते, असे कांटने सांगितले. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) हा विचार मराठीत ज्या साक्षेपाने उलगडला, त्याचे ऋण आपणा सर्वांवर आहे. ओट्याची उंची आणि बाईची पाठ यांची चर्चा समीक्षेत आणली, तर या स्वायत्ततेचा बळी जाईल, अशी भीती अनेकांना वाटते.

माझे उत्तर असे, की पाटणकरांनी स्वतःच कलास्वादाला अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी असे दोन ध्रुव आहेत हे दाखवून दिले आणि त्यांपैकी कोणताही एक निकालात काढला नाही. आपण मात्र सोयीनुसार ध्रुव बदलतो. पुरुषाचा दैनंदिन अनुभव अलौकिकाच्या दिशेने वाचतो आणि स्त्रीचा लौकिकाच्या. शिवाय ‘सर्वांच्या मान्यतेची अपेक्षा’ यातले ‘सर्व’ कोण, हा प्रश्न विचारल्याने सार्वत्रिकता कोसळत नाही. ती अधिक प्रामाणिक होते. रसिक, सहृदय, आदर्श वाचक, सामान्य माणूस: आपल्या परिभाषेतले हे सारे शब्द व्याकरणाने पुल्लिंगी आहेत, हा निव्वळ व्याकरणाचा अपघात मानण्याइतके भोळे आपण राहू नये. ‘माणूस’ म्हटल्यावर वेगळे काही सांगावे लागत नाही. बाई आली की मात्र ‘बाईमाणूस’ म्हणावे लागते.

व्हर्जिनिया वुल्फचा १९२९ चा प्रसिद्ध निबंध आपण सारेच उद्धृत करतो. स्वतःची खोली हे तिचे म्हणणे मराठी समीक्षेत आले ते रूपक म्हणून: मनाचा अवकाश, अस्मितेची जागा वगैरे. वुल्फ मात्र खोलीविषयीच बोलत होती. दाराला कुलूप असलेल्या खोलीविषयी आणि वर्षाला पाचशे पौंडांविषयी. ज्या समीक्षेला खोली ही खोली म्हणून वाचता येत नाही, तिला तिचे रूपकही नीट वाचता येणार नाही.

६

माझ्या बाजूच्या एका सोप्या मार्गाविषयीही बोलले पाहिजे. रचना पुरुषी आहे, म्हणून बायकांसाठी वेगळी रचना करा, हा तो मार्ग होय. मार्गारेटे शुटे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद स्त्रीने १९२६ साली फ्रँकफुर्टच्या कामगार-वसाहतींसाठी एक आटोपशीर स्वयंपाकघर आखले. प्रत्येक पाऊल आणि प्रत्येक हालचाल मोजून केलेली ती रचना सुमारे दहा हजार घरांत बसवली गेली. आजच्या ओट्याच्या पूर्वजांत तिची गणना होते. तिच्यामुळे बाईचे श्रम वाचले. पण ते स्वयंपाकघर एकाच व्यक्तीला वावरता येईल एवढे अरुंद होते, आणि ती व्यक्ती कोण हे गृहीतच होते. पुढे तिनेच सांगितले, की ते आखण्यापूर्वी आपण कधी स्वयंपाक केला नव्हता. बाईने बाईसाठी केलेली रचनाही बाईला जागच्या जागी बांधू शकते.

मुंबईच्या लोकलमधला लेडीज डबा आवश्यक आहे. मी रोज त्यातूनच जाते. त्याने उरलेल्या गाडीचे स्वरूप मात्र बदलत नाही, उलट उरलेली गाडी ‘जनरल’ आहे हे पक्के होते. आपल्या अभ्यासक्रमातल्या ‘स्त्रीसाहित्य’ या घटकाचे नेमके हेच झाले आहे. एका सत्रात पंधरा तासिका, चार लेखिका, एक दीर्घोत्तरी प्रश्न. बाकीचे साहित्य जनरल.

शिवाय ‘बाई’ हेही एकसंध माप नव्हे. मी ज्या ओट्याविषयी बोलले तो ओटा असण्यासाठी आधी नळाचे पाणी घरात यावे लागते. पाणवठ्यावरून हटकली गेलेली बाई आणि सोवळ्याच्या स्वयंपाकघरात कोंडली गेलेली बाई यांची मापे एक नाहीत. पहिलीला दूर ठेवणारी आणि दुसरीला आत ठेवणारी व्यवस्था मात्र एकच आहे. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ने (१९८६) हे दाखवले. शर्मिला रेगे यांनी १९९८ साली दलित स्त्रीच्या दृष्टिबिंदूची जी सैद्धांतिक मांडणी केली, तिच्यानंतर ‘स्त्रियांचा अनुभव’ असे सरसकट बोलण्याची सोय मध्यमवर्गीय लेखिकांनाही उरलेली नाही, मलाही नाही. ऊर्मिला पवार यांनी आपल्या आत्मकथनाला ‘आयदान’ (२००३) हे नाव दिले. आई विणत असलेली बांबूची आयदाने आणि आपले लेखन यांची वीण एक आहे, असे त्या सांगतात. वस्तू कशी घडते यावरून संहिता कशी घडते ते सांगणारा हा साहित्यविचारच आहे. तो आत्मकथनाच्या मनोगतात आला आणि सैद्धांतिक ग्रंथात आला नाही, एवढ्यावरून त्याला कृतज्ञतेची नोंद मानून पुढे जाणे हा आपला करंटेपणा होय.

७

मग समीक्षेने करावे काय? निकष शिथिल करावेत, अशी ही मागणी नाही. पोडियमची उंची कमीजास्त करता येण्याजोगी केली, तर व्याख्यानाची पातळी खालावते असे कोणी म्हणणार नाही. निकषाच्या बाबतीत मात्र आपण हा घोटाळा सतत करतो. माप बदलण्याची सूचना आली, की दर्जा घसरण्याची भीती घातली जाते.

माझी अपेक्षा साधी आहे. कोणत्याही लेखनाला ‘मर्यादित’ म्हणताना समीक्षकाने मर्यादा कोठून मोजली ते सांगावे. संहितेतली चूल, मोरी, जिना, संडास, खिडकी या गोष्टी वातावरणनिर्मितीच्या खात्यात न टाकता त्यांनी पात्रांच्या हालचाली आणि वाक्यांची चाल कशी ठरवली ते वाचावे. आणि हे वाचन पुरुषांच्या लेखनालाही तितक्याच कसोशीने लावावे. नायक दिवाणखान्यात बसून मानवी एकाकीपणाचे चिंतन करतो तेव्हा चहा कोणत्या दारातून येतो, हा प्रश्न रूपबंधाचाही आहे, कारण ते दार लेखकाने कोठे ठेवले यावर त्या चिंतनाची सारी रचना अवलंबून असते.

१८८२ साली ताराबाई शिंदे यांनी आपल्या पुस्तकाला ‘स्त्रीपुरुष तुलना’ असे नाव दिले. तुलनेसाठी दोघांनाही लागू पडेल असे एकच माप लागते, आणि दोषांचे माप आजवर एकाच बाजूने लावले गेले, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा आहे. त्याला आता जवळजवळ दीडशे वर्षे होतील. आपण अजून पाट शोधत आहोत.

त्या चर्चासत्राच्या शेवटी आभार मानताना संयोजकांनी माझ्या ‘गैरसोयी’बद्दल दिलगिरी व्यक्त केली. त्यांचा हेतू चांगला होता. परंतु दिलगिरी माझ्या उंचीबद्दल होती, पोडियमच्या उंचीबद्दल नव्हती. तो पोडियम आजही तेथेच आहे. पुढच्या चर्चासत्राचे निमंत्रण आले आहे. मी जाणार आहे, आणि पाटावर उभी राहणार नाही. बाजूला एक साधे टेबल ठेवावे, असे मी त्यांना पत्राने कळवले आहे. त्या टेबलापाशी सहा फुटी समीक्षकांनाही बोलता येईल. त्यांना थोडे वाकावे लागेल एवढेच.